परदेशात वीज वापरताना : प्लग बसला म्हणजे उपकरण चालेलच असे नाही

परदेश प्रवासाच्या तयारीत पारपत्र, व्हिसा, परकीय चलन आणि प्रवास विमा यांची काळजी घेतली जाते. मात्र सोबत नेल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणांचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी होतो. बाजारातून एक ‘युनिव्हर्सल ॲडॉप्टर’ विकत घेतला की हा प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. ॲडॉप्टर केवळ प्लगचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘पिन’चा आकार जुळवून देतो. भिंतीतून येणारा विद्युतदाब तो बदलत नाही, विजेची वारंवारता बदलत नाही आणि अनेकदा अर्थिंगची जोडणीही पुढे नेत नाही. परिणामी परदेशी सॉकेटमध्ये व्यवस्थित बसलेले उपकरण मंद चालणे, बंद पडणे, जळणे किंवा वापरणाऱ्यास विजेचा धक्का बसणे, यांपैकी काहीही घडू शकते.

ही शक्यता टाळण्यासाठी विद्युत अभियंत्याचे ज्ञान लागत नाही. उपकरणावरील छोटी पट्टी वाचता येणे आणि आकार, दाब, वारंवारता व अर्थिंग या चार गोष्टी स्वतंत्रपणे तपासणे एवढे पुरेसे असते.

भारतातील पद्धत

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आणि ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. प्लग व सॉकेटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १२९३’ हे मानक लागू आहे. आपल्या घरांत प्रामुख्याने दोन आकार दिसतात. दिवे, पंखे, चार्जर यांसाठी ६ अँपिअरचा लहान आणि गिझर, वातानुकूलन यंत्र, मोठी इस्त्री यांसाठी १६ अँपिअरचा मोठा. दोन्हींना गोल पिना असतात आणि अर्थिंगची तिसरी पिन अधिक जाड व लांब असते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लहान आकाराला ‘डी’ आणि मोठ्याला ‘एम’ म्हणतात. दोन बारीक गोल पिनांचा, अर्थिंग नसलेला ‘सी’ हा प्रकारही मोबाइलच्या चार्जरमुळे सर्वत्र दिसतो.

आपला तीन गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटिश आहे. ब्रिटनमध्ये १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीएस ५४६’ या मानकातून तो भारतात रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुनर्बांधणीच्या काळात तांब्याची टंचाई असताना ब्रिटनने वायरिंगची पद्धत बदलली आणि १९४७ साली ‘बीएस १३६३’ हे नवे मानक आणले. तीन चौकोनी पिना आणि प्लगच्या आतच फ्यूज, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. ब्रिटनने जुनी पद्धत मागे टाकली; भारताने मात्र ती कायम ठेवली. म्हणूनच आज लंडनला उतरणाऱ्या भारतीय प्रवाशाला ॲडॉप्टर लागतो.

जगात एकच प्लग का नाही

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग म्हणजे ‘आयईसी’ ही या क्षेत्रातील मानके ठरवणारी संस्था १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि आज तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. आयोगाच्या माहितीनुसार सध्या जगात प्लगचे १५ प्रकार वापरात असून, त्यांना ‘ए’पासून ‘ओ’पर्यंतच्या इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाते.

या विविधतेचे कारण इतिहासात आहे. वीज प्रथम घरात आली ती दिव्यांसाठी. थॉमस एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून सुरू केलेला पुरवठा ११० व्होल्टच्या आसपास होता, कारण त्या काळच्या दिव्यांना तो मानवत होता. अमेरिकेची पुढची सर्व यंत्रणा याच पायावर उभी राहिली. युरोपात विजेचा प्रसार होताना २२० व्होल्टचा दाब स्वीकारला गेला. दाब वाढवला की तीच शक्ती पोहोचवण्यासाठी कमी प्रवाह, पर्यायाने कमी जाडीची तांब्याची तार पुरते. प्रत्येक देशाने आपापले प्लग स्वतंत्रपणे घडवले आणि लक्षावधी घरांत ते बसल्यावर बदलणे खर्चाचे झाले. आयईसीने १९८६ साली एका समान प्लगचे मानक प्रसिद्ध केले; परंतु ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांसारख्या मोजक्या देशांनीच त्यावर आधारित ‘एन’ प्रकार स्वीकारला.

खरा प्रश्न विद्युतदाबाचा

जगातील बहुतेक देशांत दाब २२० ते २४० व्होल्टच्या दरम्यान आहे. ब्रिटन, युरोपीय संघ, आखाती देश, सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, चीन आणि आफ्रिकेचा बराचसा भाग या गटात मोडतो. दुसऱ्या गटात अमेरिका व कॅनडा (१२० व्होल्ट), जपान (१०० व्होल्ट), तैवान (११० व्होल्ट) आणि मध्य अमेरिकेतील अनेक देश येतात. भारतीय प्रवासी पहिल्या गटातील देशात गेला तर त्याला केवळ आकार जुळवावा लागतो. दुसऱ्या गटात गेला तर दाबाचाही विचार करावा लागतो.

दाबाचा परिणाम किती मोठा असतो, हे साध्या गणिताने समजते. उष्णता देणाऱ्या उपकरणाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भारतातील १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत १२० व्होल्टवर लावली, तर ती सुमारे २७२ वॅट इतकीच शक्ती घेते. ती कोमट होईल, परंतु कपड्याची सुरकुती जाणार नाही. जपानमध्ये ही शक्ती १९० वॅटच्या आत राहील. येथे नुकसान होते ते सोयीचे. उपकरण सहसा शाबूत राहते.

उलट दिशेचा प्रवास अधिक धोकादायक आहे. अमेरिकेत घेतलेला १२० व्होल्ट, १५०० वॅटचा हेअर ड्रायर भारतात २३० व्होल्टवर लावला, तर त्याची तार क्षणभर ५५०० वॅटच्या आसपास शक्ती ओढू पाहते. मूळ १२.५ अँपिअरचा प्रवाह सुमारे २४ अँपिअरवर जातो. आपले मोठे सॉकेटही १६ अँपिअरचेच असते. काही सेकंदांत तार जळते, प्लॅस्टिक वितळते किंवा फ्यूज उडतो. परदेशातील नातेवाइकांनी भेट दिलेला कॉफी मेकर किंवा केस सरळ करण्याचे यंत्र पहिल्याच दिवशी जळण्यामागे बहुधा हेच कारण असते.

आकारावरून दाब ओळखता येत नाही

दोन चपट्या पिनांचे सॉकेट दिसले की दाब अमेरिकेसारखा कमी असणार, असा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. थायलंड, व्हिएतनाम आणि चीन येथेही चपट्या पिना बसणारी सॉकेट सर्रास आढळतात. मात्र त्यांतून येणारा दाब २२० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो. ब्राझीलमध्ये तर एकाच देशात, एकाच आकाराच्या सॉकेटमधून दोन वेगवेगळे दाब मिळतात. रिओ द जानेरो येथे १२७ व्होल्ट, तर राजधानी ब्राझिलियात २२० व्होल्ट. अशा ठिकाणी हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारून खात्री करून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

उपकरणावरील पट्टी कशी वाचावी

प्रत्येक चार्जरच्या किंवा उपकरणाच्या मागे, तळाशी अथवा प्लगजवळ बारीक अक्षरांत विजेची माहिती छापलेली असते. त्यातील ‘इनपुट’ या शब्दापुढील आकडे महत्त्वाचे. तेथे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल, तर ते उपकरण व्यवहारतः जगात कोठेही चालते. मोबाइल, लॅपटॉप, टॅब्लेट आणि डिजिटल कॅमेऱ्यांचे आजचे बहुतेक चार्जर या वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी खरोखरच केवळ साधा ॲडॉप्टर पुरतो.

तेथे फक्त २३० व्होल्ट किंवा २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे असेल, तर ते उपकरण अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान येथे नेऊ नये. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर, इंडक्शन शेगडी, मिक्सर, बुडवून पाणी तापवण्याचा रॉड अशी भारतीय बाजारातील बहुतेक उपकरणे याच गटातील असतात. प्रवासासाठीच्या काही हेअर ड्रायरवर दाब निवडण्याचा छोटा खटका असतो. परत आल्यावर तो पूर्ववत २३० व्होल्टवर आणण्यास विसरल्यास ड्रायर जळतो.

‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ यांत गल्लत करू नये. चार्जरवरील ५, ९ किंवा २० व्होल्ट हे आकडे आउटपुटचे, म्हणजे फोन किंवा लॅपटॉपकडे जाणाऱ्या विजेचे असतात. भिंतीतील सॉकेटशी त्यांचा संबंध नसतो.

वारंवारतेचा परिणाम

भारतासह बहुसंख्य देशांत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. अमेरिका, कॅनडा, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, तैवान आणि सौदी अरेबियात ती ६० हर्ट्झ आहे. जपान या एकाच देशात दोन्ही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन बनावटीची, तर ओसाकाने अमेरिकी बनावटीची जनित्रे आणली. त्यामुळे आजही पूर्व जपानमध्ये ५० आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्झची वीज आहे.

चार्जर आणि उष्णता देणारी साधी उपकरणे यांना या फरकाने काही होत नाही. परंतु विजेच्या वारंवारतेवर वेग ठरणाऱ्या मोटारी आणि घड्याळे यांच्यावर परिणाम होतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेले, थेट विजेवर चालणारे घड्याळ भारतात तासाला १० मिनिटे मागे पडते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. दाब बदलणारे साधन वारंवारता बदलत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मर

अमेरिकेत किंवा कॅनडात शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि मुलांकडे राहण्यास जाणारे आईवडील यांच्या सामानात प्रेशर कुकरबरोबर मिक्सरही असतो. कुकरला अडचण नाही, मिक्सरला आहे. २३० व्होल्टचा मिक्सर १२० व्होल्टवर फिरतो, पण खोबरे किंवा डाळ वाटण्याइतका जोर त्यात राहत नाही, आणि अडलेल्या भांड्यासह तो चालू ठेवल्यास मोटार तापते.

अशा वेळी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो. त्याची क्षमता उपकरणाच्या वॅटपेक्षा बरीच अधिक असावी लागते, कारण मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त प्रवाह घेते. ७५० वॅटच्या मिक्सरसाठी सुमारे दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेणे योग्य. असा ट्रान्सफॉर्मर अनेक किलो वजनाचा असतो आणि त्याची किंमतही कमी नसते. अमेरिकेत ११० ते १२० व्होल्टवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर स्वतंत्रपणे विकत मिळतात. दीर्घ मुक्कामासाठी तेच सोयीचे ठरतात.

बाजारात ‘कन्व्हर्टर’ या नावाने हलकी, लहान आणि तरीही हजार-दीड हजार वॅटचा दावा करणारी साधने मिळतात. त्यांपैकी अनेक केवळ इस्त्री किंवा ड्रायरसारख्या, उष्णता देणाऱ्या साध्या उपकरणांसाठी आणि तीही थोडा वेळ वापरण्यासाठी बनवलेली असतात. लॅपटॉप, वैद्यकीय यंत्रे किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली उपकरणे त्यांवर लावू नयेत.

अर्थिंग, सैल पिना आणि झडपा

आपल्या प्लगची जाड तिसरी पिन उपकरणाचे धातूचे आवरण जमिनीशी जोडते. आत बिघाड होऊन आवरणात वीज उतरली, तर ती या मार्गाने जाते आणि संरक्षक साधन पुरवठा तोडते. अनेक स्वस्त ॲडॉप्टरमध्ये तिसऱ्या पिनेसाठी छिद्र असते. पण आत जोडणी नसते. मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरला त्याने फरक पडत नाही. धातूची इस्त्री किंवा किटली मात्र अशा ॲडॉप्टरवर वापरणे जोखमीचे आहे. अर्थिंगची पिन कापून किंवा काढून प्लग बसवणे तर कटाक्षाने टाळावे.

गोल पिना दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची जाडी वेगळी असते. युरोपातील बारीक ‘सी’ प्लगची पिन ४ मिलिमीटर, जर्मनी व फ्रान्समधील मोठ्या प्लगची ४.८ मिलिमीटर, तर भारतातील लहान प्लगची वीज वाहणारी पिन सुमारे ५.१ मिलिमीटर जाडीची असते. म्हणून भारतीय जाड पिन युरोपीय सॉकेटमध्ये बळजबरीने घालू नये. आणि युरोपीय बारीक पिन भारतीय सॉकेटमध्ये सैल बसते. सैल जोडणीत ठिणग्या उडतात व सॉकेट तापते. प्लग हाताला गरम लागल्यास वापर त्वरित थांबवावा.

ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये वीज असलेल्या छिद्रांवर झडपा असतात आणि वरची लांब अर्थिंग पिन आत गेल्यावरच त्या उघडतात. पेन किंवा चावी घालून त्या उघडायच्या आणि दोन पिनांचा भारतीय प्लग बसवायचा, ही युक्ती अनेक जण वापरतात. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली व्यवस्थाच तिने निकामी होते. चावी धातूची असल्यास जिवावर बेतू शकते. योग्य ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळत असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये सॉकेटशेजारी सहसा बटण असते. अमेरिका आणि युरोपच्या मुख्य भूमीवर ते बहुधा नसते, म्हणजे सॉकेटमध्ये वीज सतत असते. तेथे आधी उपकरण बंद करून मगच प्लग काढावा. ब्रिटनमधील न्हाणीघरात दिसणारे दोन छिद्रांचे सॉकेट दाढीच्या यंत्रासाठी असते. ड्रायरचा भार ते पेलू शकत नाही.

ॲडॉप्टरची क्षमता

ॲडॉप्टरवर अँपिअरमध्ये मर्यादा छापलेली असते. ती दाबाने गुणल्यास किती वॅटचे उपकरण लावता येईल ते कळते. ६ अँपिअरचा ॲडॉप्टर २३० व्होल्टवर १३८० वॅट पेलतो. तोच जपानमध्ये १०० व्होल्टवर केवळ ६०० वॅट. ६५ वॅटच्या लॅपटॉपसाठी दोन्ही ठिकाणी तो पुरेसा आहे, पण २००० वॅटच्या किटलीसाठी कोठेही नाही. ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवू नये. अमेरिकेत घेतलेला, विजेच्या उसळीपासून संरक्षण देणारा एक्स्टेन्शन बोर्ड २३० व्होल्टच्या देशात वापरू नये. त्यातील संरक्षक घटक जास्त दाबाने जळतात.

अनेक उपकरणे असल्यास यूएसबीची दोन-तीन तोंडे असलेला एकच चांगला चार्जर आणि एक ॲडॉप्टर नेणे सोयीचे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅब्लेट व कॅमेऱ्यांना यूएसबी-सी जोडणी बंधनकारक झाली आहे. त्यामुळे एकाच केबलवर काम भागण्याची शक्यता वाढली आहे.

वैद्यकीय उपकरणे

श्वसनाच्या विकारासाठी नेब्युलायझर किंवा झोपेतील श्वसनासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. बहुतेक सीपॅप यंत्रे १००–२४० व्होल्टवर चालतात. मात्र भारतात विकले जाणारे अनेक कॉम्प्रेसर नेब्युलायझर केवळ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे असतात. कमी दाबावर त्यांतून औषधाचे तुषार पुरेसे निघत नाहीत आणि रुग्णाला अपेक्षित मात्रा मिळत नाही. अशा रुग्णांनी निघण्यापूर्वी बॅटरीवर चालणारे किंवा दोन्ही दाबांचे यंत्र घ्यावे व त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भारतीय प्रवाशांसाठी देशनिहाय माहिती

नेपाळ, भूतान : दाब २३० व्होल्ट, भारतीय पद्धतीची सॉकेट मोठ्या प्रमाणावर.

श्रीलंका : २३० व्होल्ट; जुनी सॉकेट भारतासारखी, नवी ब्रिटिश ‘जी’ पद्धतीची.

संयुक्त अरब अमिराती, कतार, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, ब्रिटन, आयर्लंड : २२० ते २४० व्होल्ट, ‘जी’ प्रकार, तीन चौकोनी पिना.

सौदी अरेबिया : ‘जी’ प्रकार, ६० हर्ट्झ. नवा पुरवठा २३० व्होल्टचा. जुन्या इमारतींत १२७ व्होल्टही आढळू शकतो. हज व उमरा यात्रेकरूंनी निवासस्थानी चौकशी करावी.

मॉरिशस : २३० व्होल्ट, ‘सी’ व ‘जी’.

जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, तुर्कस्तान, रशिया, इंडोनेशिया : २२० ते २३० व्होल्ट, ‘सी’ व ‘एफ’. फ्रान्स, बेल्जियम, पोलंड : ‘ई’.

स्वित्झर्लंड : ‘जे’, इटली : ‘एल’. बारीक पिनांचा ‘सी’ प्लग दोन्हीकडे बसतो. जर्मन पद्धतीचा जाड प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही.

थायलंड, व्हिएतनाम : २२० ते २३० व्होल्ट; चपट्या व गोल दोन्ही पिना.

चीन : २२० व्होल्ट, ‘ए’, ‘सी’ व तिरप्या चपट्या पिनांचा ‘आय’. कैलास-मानसरोवर यात्रेकरूंनाही हेच लागू.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड : २३० व्होल्ट, ‘आय’.

दक्षिण आफ्रिका : २३० व्होल्ट, भारतातील मोठ्या प्लगसारखा ‘एम’ आणि नवा ‘एन’. लहान भारतीय प्लग ‘एम’ सॉकेटमध्ये बसत नाही.

अमेरिका, कॅनडा : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ‘ए’ व ‘बी’.

जपान : १०० व्होल्ट, प्रामुख्याने दोन चपट्या पिनांचा ‘ए’. अमेरिकी तीन पिनांचा प्लग अनेक ठिकाणी बसत नाही.

निघण्यापूर्वी

पॉवर बँक केवळ हातातील सामानात न्यावी; चेक-इन सामानात तिला मनाई आहे. १०० वॅट-तासांपर्यंत सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी आवश्यक असते. नेहमीच्या २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेची क्षमता सुमारे ७४ वॅट-तास भरते. काही विमान कंपन्यांनी २०२५ पासून विमानात तिच्या वापरावरही निर्बंध घातले आहेत. म्हणून कंपनीचे नियम आधी पाहावेत.

सामान भरताना प्रत्येक उपकरणाची पट्टी वाचून दोन गट करावेत. १००–२४० व्होल्टची उपकरणे बॅगेत ठेवावीत. केवळ २३० व्होल्टची उपकरणे, गंतव्य देशाचा दाब त्याच पातळीचा असेल तरच न्यावीत. इस्त्री, किटली व ड्रायर बहुतेक हॉटेलांत मागितल्यास मिळतात. परदेशातून उपकरण खरेदी करतानाही हीच पट्टी दुकानातच वाचावी. त्यावर फक्त ११० किंवा १२० व्होल्ट असल्यास ते भारतात थेट लावता येणार नाही. ॲडॉप्टर विकत घेण्याचा निर्णय या तपासणीनंतर घ्यावा, तिच्याऐवजी नव्हे.